सहा आणि नऊच्या मध्ये

सकाळी ६.२०

पुण्यात सहकारनगरमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबते. चालवणारी सर्व्हेअर, मागे मामा. मामांच्या मांडीवर पिवळी पेटी, पेटीत मशीन. टोटल स्टेशन असं त्याचं पूर्ण नाव, पण या धंद्यात सगळे मशीनच म्हणतात. पेटी मांडीवरच धरायची, पायाशी ठेवायची नाही, असा तिचा नियम आहे. एका खड्ड्यात आदळलं तरी माप बिघडतं. स्टँड मामांच्या खांद्याला, प्रिझमचा दांडा त्याला सुतळीने बांधलेला.

ती एकोणतीस वर्षांची. आयटीआयमधून सर्व्हेअरचा दोन वर्षांचा ट्रेड केला. एका मोजणी एजन्सीत नोकरी, हातात तेवीस हजार. मामा पन्नाशी ओलांडलेले, रोजावर, दिवसाचे साडेसातशे. आधी केबलच्या खोदाईवर होते. ते तिला मॅडम म्हणतात, ती त्यांना मामा. पेट्रोल तिचं, चहा मामांचा. हा हिशोब कुणी ठरवलेला नाही, पण चुकत नाही.

गल्लीची लांबी एकशे अडतीस मीटर. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ प्लॉट. कागदावर रुंदी सहा मीटर. ती नऊ करावी का, हे आज संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या हॉलमध्ये ठरायचं आहे. त्याआधी गल्ली आत्ता नक्की किती आहे, हे कळायला हवं. काम आर्किटेक्टने आणलं, पैसे सोसायटीच्या फंडातून. आठ हजार, नकाशासकट.

सकाळी ६.३५

मशीन पेटीतच राहतं. आधी टेप. तीस मीटरची फायबरची, पहिले दोन सेंटिमीटर झिजून पांढरे झालेले. म्हणून ती शून्यापासून मोजत नाही, दहापासून मोजते आणि दहा वजा करते.

इतक्या लवकर यायचं कारण गाड्या. आत्ता सगळ्या घरी आहेत. साडेनऊनंतर निम्म्या जातील आणि गल्ली रुंद दिसायला लागेल. तिला अरुंद गल्ली हवी आहे.

अकरा चारचाकी, सगळ्या पूर्वेच्या भिंतीला. समोर दुचाक्या, तिरप्या लावलेल्या. मामा टेपचं एक टोक गाडीच्या आरशाला लावतात, ती दुसरं टोक समोरच्या ॲक्टिव्हाच्या हँडलला. २.७४. पुढे ३.१०. पुढे एका मोठ्या गाडीपाशी २.५५.

“फायर ब्रिगेडची गाडी किती असते?” मी विचारतो.

“अडीच. आरसे सोडून.”

२.५५ भोवती ती वहीत गोल करते आणि मोबाइलवर फोटो काढते. फोटोत गाडीचा नंबर येणार नाही याची काळजी घेते. मागे एकदा असा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता आणि गाडीवाला थेट एजन्सीत येऊन बसला होता.

सकाळी ७.०५

शाळेची व्हॅन. ड्रायव्हर सवयीने दोन्ही आरसे आत घेतो, मुलं चढवतो, आरसे बाहेर न काढताच रिव्हर्स घेत गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. वळायला जागा नाही. मागोमाग घंटागाडी. ती छोटी, दीड मीटरची, सहज आत जाते. पण व्हॅन बाहेर येईपर्यंत तिला कोपऱ्यावर थांबावं लागतं, तेवढा वेळ गाणं चालू. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटतं.

सकाळी ७.४०

आता मशीन. डांबरात काँक्रीटचा खिळा ठोकायचा, भोवती लाल रंगाचा गोल. हे पहिलं स्टेशन. स्प्रेचा डबा एकशे नव्वदला. मागच्या आठवड्यातला अजून थोडा उरलाय, मामा कानाशी हलवून बघतात.

स्टँडचे तीन पाय रोवायचे. मशीन बसवायचं, खालचा खिळा बरोबर मध्यात आणायचा, मग बबल. एक स्क्रू आत, दुसरा बाहेर. बबल मध्यात आला की मशीन नव्वद अंशांत फिरवून पुन्हा बघायचं. पाच-सहा मिनिटं तिचं कुणाकडेच लक्ष नसतं. त्याच वेळी लोक येऊन विचारतात, “काय चाललंय?” उत्तर मामा देतात. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: “मोजणी.” कुणाची, कशासाठी, ते पुढे सांगत नाहीत. त्यांचा अनुभव असा की दुसरं वाक्य बोललं की अर्धा तास जातो.

दर दहा मीटरला एक चेनेज. प्रत्येक चेनेजला डावी भिंत, उजवी भिंत, डांबराच्या दोन्ही कडा, मध्य. शिवाय विजेचे खांब, महावितरणचा डीपी, ड्रेनेजची झाकणं, पाण्याचे व्हॉल्व्ह, झाडं. मामा दांडा भिंतीला टेकवतात, दांड्यावरचा बबल मध्यात आणतात आणि श्वास धरतात. ती बटण दाबते. बीप. “हां.” मामा पुढे. सकाळभर कानावर हे दोनच आवाज.

सकाळी ८.५०

चेनेज ७०. पश्चिमेची भिंत पुढे आलेली दिसते. भिंतीलगत कुंड्यांसाठी ओटा, त्यावर फरशी. मशीन सांगतं, ५.६२.

फाटक उघडून एक आजोबा येतात. हातात गुंडाळी. ती सोडवतात तर आत सोसायटीचा मूळ लेआउट, अमोनिया प्रिंट, निळा रंग जांभळट झालेला, घडीवर फाटलेला आणि मागून सेलोटेप. रस्त्यावर इंग्रजीत लिहिलंय: वीस फूट.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांमधली घरं गेली. त्यानंतर पर्वतीच्या मागच्या अंगाला पूरग्रस्तांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. माणसं वाड्यातल्या दीड खोलीतून आली होती. आजोबा तेव्हा शाळेत होते. ते सांगतात, वीस फुटांचा रस्ता बघून त्यांची आई म्हणाली होती, एवढं रिकामं कशाला ठेवलंय? गल्लीत तेव्हा एकच वाहन, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची लॅम्ब्रेटा. बाकी सगळ्या सायकली. वीस फूट हा आकडा तेव्हा कुठून आला असेल, हे त्यांनाही सांगता येत नाही.

वीस फूट म्हणजे ६.०९६ मीटर. महापालिकेच्या कागदावर सहा. मधले साडेनऊ सेंटिमीटर कुठे गेले, हे विचारण्यात अर्थ नाही. पण चेनेज २० आणि ३०ला मशीन ६.१० दाखवतं. म्हणजे तिथे कुणी भिंत हलवलेली नाही. इथे मात्र अठ्ठेचाळीस सेंटिमीटर कमी.

“आजोबा, ही भिंत नंतर बांधली का?”

“शहाऐंशी साली. जुनी पडली पावसात. तिथेच बांधली.”

ती वहीत काही लिहीत नाही. मशीनमध्ये आकडा गेलेलाच आहे.

सकाळी १०.१०

चहा. दोन कटिंग, चोवीस रुपये, मामांचे. मला देऊ देत नाहीत. मार्चचं ऊन आता डांबरावर उतरलंय. गाड्या गेल्या, पण कुरियरवाले सुरू झाले. एकाने दुचाकी नेमकी मशीन आणि प्रिझमच्या मध्ये लावली. “दोनच मिनिटं.” दोघं उभे. त्या दोन मिनिटांची सात झाली.

सकाळी ११.००

सगळ्यात नाजूक काम आता. नऊ मीटर करायचे तर प्रत्येक बाजूने दीड मीटर आत जावं लागेल. ती रेषा कंपाउंडच्या आत कशावरून जाते, हे दाखवायचं आहे. त्यासाठी अठरा फाटकं वाजवायची. आर्किटेक्टने ग्रुपवर निरोप टाकला होता. सात जणांनी वाचला होता.

मामा चप्पल बाहेर काढून बागेत जातात. गरज नसते, तरी काढतात. भिंतीपासून आत दीड मीटर, तिथे खडूची रेघ. स्प्रे नाही, घरात स्प्रे मारला तर आजच हाकलतील.

पहिल्या घरात रेषा पत्र्याच्या शेडच्या खांबावर येते. दुसऱ्यात जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाच्या बरोबर मधून. तिसरं घर बंद, मुलगा परदेशी, चावी शेजारी, शेजारी बँकेत. चौथ्यात तुळशीवृंदावन वाचतं, चार बोटांनी. पाचव्यात आंबा. खोडाचा घेर दोन मीटरच्या वर, मोहोर आलेला, खडू लावायला बुंध्यावर सपाट जागा सापडत नाही. काकू पायरीवर उभ्या.

“पाडणार का?”

“आम्ही फक्त मोजतो, काकू.”

“ते सगळेच म्हणतात.”

तिच्याकडे याला उत्तर नाही. झाडाला १९७५चा कायदा लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, नोटीस लावावी लागते, हे तिला माहीत आहे. काकूंनाही माहीत आहे. काकू आत जातात आणि दोन पेले कोकम सरबत आणून देतात, एक मामांना, एक तिला. मला तिसरा मागाहून.

समोरच्या घरातल्या बाईंचं उलटं. साठीच्या, गुडघ्याला पट्टा, बंगल्यात एकट्या. खडूची रेघ त्यांच्या मोगऱ्यावरून गेली. “घ्या ना, दोन मीटर घ्या,” म्हणाल्या. “मला लिफ्ट हवीय. गच्ची गळते, दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, एक लाख दहा हजार गेले. बिल्डर म्हणतो, रस्ता नऊचा करून आणा, मग बोलू.”

एका प्लॉटची रुंदी साधारण पंधरा मीटर. दीड मीटरची पट्टी म्हणजे साडेबावीस चौरस मीटर, दोनशे बेचाळीस चौरस फूट. प्रत्येकजण हा गुणाकार लगेच करतो. तिच्या आधी करतो.

दुपारी १.१५

डबा कोपऱ्यावरच्या बकुळीखाली. मामांचा चपाती आणि मेथी, तिचा पुलाव. मामांनी शेंगदाण्याची चटणी दोघांना वाढली.

जेवण झाल्यावर शेजारच्या गल्लीत चक्कर. तिथे हे आधीच सुरू झालंय. कायद्यात रस्त्याची नियमित रेषा ठरते, महापालिका अधिनियमाचं कलम २१०. रेषा ठरली म्हणून दुसऱ्या दिवशी भिंती पडत नाहीत. जो घर पाडून नवं बांधेल, त्याने तेव्हा आपली पट्टी सोडायची. त्यामुळे त्या गल्लीत दोन नव्या इमारती आत सरकल्यात आणि मधले बंगले जुन्या जागीच आहेत. रस्ता लहान पोराच्या दुधाच्या दातांसारखा दिसतो. सोडलेल्या पहिल्या पट्टीवर तीन गाड्या. दुसऱ्यावर इस्त्रीवाल्याचं टेबल, त्यामागे एक गाडी. चालणारी माणसं पूर्वी होती तिथूनच चालतात, मधून.

परत येऊन ती वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. एका बाजूला गाड्यांची रांग, दार उघडायला जागा धरून २.१. एक मोठी गाडी निर्धास्त जायला ३. फुटपाथ १.८, वस्तीतल्या फुटपाथला किमान एवढं हवं असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक आहे. बेरीज ६.९.

“सात,” ती म्हणते.

मामा चटणीचा डबा पुसत असतात. “मग सातच करायचा की.”

“ते आपलं काम नाही, मामा.”

दुपारी २.३०

एजन्सीचं ऑफिस. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीला टेकवलेले रेंजिंग रॉड. मामा खाली मशीन पुसतात, बॅटरी चार्जिंगला लावतात आणि स्टँडच्या पायांची माती खिळ्याने खरवडतात. याचा वेगळा रोज नाही.

स्क्रीनवर गल्ली उमटते. तीनशेच्या आसपास ठिपके. ते जोडले की भिंती दिसतात, आणि भिंती कुठेच सरळ नसतात. आता प्रश्न मध्यरेषेचा. दीड-दीड मीटर मोजायचं ते कुठून?

मूळ लेआउटची मध्यरेषा धरली तर ज्याने भिंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर पुढे आणली, ते आधी त्याचे जातात, मग दीड मीटर. आजच्या भिंतींच्या मधोमध रेषा काढली तर ती चोवीस सेंटिमीटर पूर्वेला सरकते. म्हणजे समोरच्याची तेवढी जागा जास्त जाते. पंधरा मीटर रुंदीला एकोणचाळीस चौरस फूट. एक बाथरूम.

ती आर्किटेक्टला फोन लावते. ते म्हणतात, दोन्ही दाखव. एक लाल, एक हिरवी. लोकांना ठरवू दे.

“लोक ठरवत नाहीत सर, भांडतात.”

“तेच.”

दुपारी ४.४५

एवन प्रिंट, दोन प्रती, एकशे चाळीस रुपये. दुकानदाराकडे सुट्टे नाहीत, तो वीस रुपयांची दोन पेनं देतो. बिल ती जपून ठेवते. महिनाअखेरीला मिळतात पैसे, कधीकधी.

संध्याकाळी ६.४०

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एकेचाळीस माणसं. नकाशा कॅरम बोर्डवर पसरलाय, कोपऱ्यांवर चार सोंगट्यांचे डबे. ती भिंतीशी उभी. मामा बाहेर पायरीवर. त्यांना थांबायची गरज नाही, पण स्कूटर एकच आहे.

आर्किटेक्ट नियम सांगतात. राज्याची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२०ला आली. तिच्यातल्या कोष्टकात रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय १.१, बाकी काही नाही, टीडीआर नाही. रस्ता नऊचा झाला की पैसे भरून मिळणारा अर्धा, टीडीआर ०.४, असं धरून दोनपर्यंत. तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर आज तीनशे तीस बांधता येतात. नऊचा रस्ता झाला तर सहाशे.

हॉल थोडा वेळ शांत. मग सगळे एकदम.

पुण्यात हा वाद नवा नाही. २०२० सालीच महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ करायचं ठरवलं, तेव्हा तो शहरभर गाजला होता. फक्त निवडकच रस्ते का, असं एका बाजूने विचारलं गेलं. सगळेच का, असं दुसऱ्या बाजूने. इथे मात्र शहर कुणाच्या डोक्यात नाही. इथे शेड आहे, टाकी आहे, आंबा आहे.

एक तरुण उठतो, आयटीतला. “रस्ता नऊ केला की आत्ता एका बाजूला लागतात त्या गाड्या दोन्ही बाजूंना लागतील. मध्ये उरेल तेवढंच. आणि सहाशे चौरस मीटर बांधलं की एका बंगल्यात आठ-दहा फ्लॅट. त्यांच्या गाड्या?”

“पार्किंग आत द्यावंच लागतं,” आर्किटेक्ट.

“पाहुण्यांचं?”

गुडघ्याला पट्टा असलेल्या बाई बसूनच बोलतात. “मागच्या वर्षी ह्यांना न्यायला ॲम्ब्युलन्स आली ती कोपऱ्यावर थांबली. स्ट्रेचर इथपर्यंत हातांनी नेलं. गाड्या हटवायला माणसं शोधत फिरत होतो.” यावर कुणी काही बोलत नाही. माझ्या मते दिवसभरात रुंदीविषयी बोललं गेलेलं ते एकच वाक्य गल्लीविषयी होतं, बाकी सगळी प्लॉटविषयी.

मागून कुणीतरी म्हणतं, “सम-विषम करा. एक दिवस ही बाजू, एक दिवस ती.” हशा. केलं होतं म्हणे, पाट्याही लावल्या होत्या. एक पाटी अजून आहे, तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली.

मग आजोबा. ओट्याचे. “साडेसात करा. पाऊण-पाऊण मीटर देऊ. आंबा वाचतो, टाकी वाचते, गाडीही जाते. मॅडम, साडेसातला फायर ब्रिगेड जाईल ना?”

सगळे तिच्याकडे बघतात. “आत्ताच्यासारख्या एकाच बाजूला गाड्या लागल्या, तर आरामात.”

“मग झालं.”

आर्किटेक्ट चष्मा काढतात. “साडेसात केलंत तर रस्ता चांगला होईल. पण कोष्टकात तुम्ही सहावालेच राहाल. एक टक्काही वाढणार नाही. पाऊण मीटर फुकट गेलं समजा.”

“म्हणजे सहा आणि नऊच्या मध्ये काही नाही?”

“कोष्टकात नाही.”

संध्याकाळी ७.५०

सह्यांचा कागद फिरतो. नऊ मीटरला संमती, अठरापैकी अकरा. तिघं नाही म्हणाले. दोघं मुलाला विचारून सांगणार. बंद घराची मालकी दोन भावांत आहे आणि ते बोलत नाहीत. काकू सही न करता कागद पुढच्याकडे देतात, पण पेन आपल्याकडेच ठेवतात. ते मघाच्या दोन पेनांतलं एक.

प्रस्ताव जाईल. स्थायी समितीची मान्यता, जाहीर नोटीस, हरकती, सुनावणी. आर्किटेक्ट म्हणतात, वर्ष धरा. अनुभवी लोक मान हलवतात, म्हणजे वर्ष धरू नका.

आता सगळे कॅरम बोर्डभोवती, लाल आणि हिरव्या रेषेवर वाकलेले. पूर्वेचे लाल म्हणतात, पश्चिमेचे हिरवी. आजोबांच्या समोरच्या घरातल्यांनी मोबाइलवर एकोणचाळीस चौरस फुटांचा भाव काढलाय आणि आकडा मोठ्याने वाचलाय.

“ही मोजणीच मला मान्य नाही,” आजोबा शांतपणे म्हणतात. “माझी भिंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर पुढे नाही. पुन्हा मोजा. माझ्यासमोर.”

सेक्रेटरी तिच्याकडे वळतात. “येऊन जा ना एकदा. एवढाच तुकडा.”

“येते. पण वेगळं बिल होईल सर. मशीन निघालं की पूर्ण दिवस धरतात. तीन हजार.”

“एका भिंतीचे तीन हजार?”

“मामांचे साडेसातशे त्यातच आहेत.”

“दोन करा.”

“मला ऑफिसला विचारावं लागेल.”

“आणि कुणी द्यायचे? सोसायटीने का?” पूर्वेकडून आवाज येतो. “ज्याला मान्य नाही, त्याने द्यावेत.”

सेक्रेटरी खजिनदारांकडे बघतात. खजिनदार वही उघडतात. फंडात आठ हजारांनंतर काय उरलंय ते बघावं लागेल, म्हणतात, आणि त्यासाठी मागचं चहाचं बिल आधी लावायला हवं.